बाटलीला लेस नको, झाकण हवे

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत ‘टाकाऊतून टिकाऊ’ या मथळ्याखाली चार छायाचित्रे आली होती. एका बरणीला सोनेरी रंग दिलेला, एका बाटलीला लेस आणि मोती, एका डब्याला सुतळी गुंडाळलेली आणि चौथ्या बाटलीच्या पोटात दिव्यांची माळ. दिसायला चारही छान. पण चारांपैकी एकातही काही ठेवलेले नव्हते. सोनेरी बरणीला तर झाकणच नव्हते. पुरवणीत अधूनमधून असे लेख येतात आणि दर वेळी मला हेच खटकते, म्हणून या वेळी कागद-पेन घेऊन बसले.

मी महाविद्यालयाच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत साहाय्यक होते. ३१ वर्षे बाटल्या धुतल्या, भरल्या, त्यांना चिठ्ठ्या लावल्या. त्याआधी आजी-आजोबांच्या घरात वाढले, तेव्हा माझा बाटल्या धुण्याचा खरा अनुभव याहून जुना आहे. माझ्या आजीने आयुष्यात एकाही बाटलीला लेस लावली नाही. बाटली वापरात आहे एवढीच तिला तिची शोभा पुरेशी वाटे.

रिकामी बरणी घरात आली की ती लगेच ‘आपली’ होत नसे. आजी ती आधी धुई, मग कोमट पाण्याने काठोकाठ भरून, झाकण लावून रात्रभर ठेवी. सकाळी झाकण उघडून पाण्याचा वास घ्यायचा. हे काम माझे, कारण आजीच्या मते तिचे नाक म्हातारे झाले होते. पाण्याला जुन्या मालाचा वास आला तर बरणी पुन्हा पाण्यात. बहुतेक वेळा दोष काचेचा नसे, झाकणाचा असे. काचेत वास मुरत नाही. झाकणाच्या आतल्या रबरी किंवा मऊ चकतीत मुरतो. म्हणून झाकणे वेगळी, उपडी, उन्हात. दोन-तीन दिवस ऊन खाऊनही वास गेला नाही, तर त्या बरणीची रवानगी आजोबांच्या फळीवर.

आजीच्या घरात डब्याबाटल्यांना बढती नव्हती, फक्त उतरण होती. सर्वांत वर स्वयंपाकघर. तिथून शिवणकामाचे फडताळ. (बिस्किटांचा डबा उघडावा आणि आत सुईदोरा निघावा, हा विनोद सगळ्यांना ठाऊक आहे, तो मी पुन्हा सांगत नाही.) तिथून आजोबांची खिळ्या-स्क्रूची फळी, तिथून रंग, ब्रश, टर्पेंटाइन आणि शेवटी घराबाहेर. एकदा एक पायरी उतरलेले भांडे पुन्हा वर चढायचे नाही. हा नियम मला कुणी समजावून सांगितला नव्हता. मी तो मोडला तेव्हा कळला.

सात-आठ वर्षांची असेन. आजोबांच्या फळीवरची एक बरणी मी रिकामी केली, घासूनपुसून लखलखीत केली आणि शाबासकी मिळेल म्हणून स्वयंपाकघरात नेऊन ठेवली. आजीने ती उजेडात धरून पाहिली.

“धुतलीस छान. पण ही खालची आहे. खाली नेऊन ठेव.”

“अगं, नुसते खिळेच होते आत!”

“आज खिळे होते. त्याआधी काय होतं, ठाऊक आहे तुला?”

मला ठाऊक नव्हते. तिलाही नव्हते आणि तिचे म्हणणे नेमके तेच होते. पुढे नोकरीच्या पहिल्याच दिवशी विभागप्रमुखांनी मला सांगितले, की ज्या बाटलीवर चिठ्ठी नाही त्या बाटलीत काय असेल याचा अंदाज करायचा नाही. पाण्यासारखे दिसते म्हणून ते पाणी नसते. तिची बाजूला काढून रीतसर विल्हेवाट लावायची. मी मान डोलावली आणि मनात म्हटले, हे तर आमच्या घरी चालतेच.

चिठ्ठीचेही आजीचे शास्त्र होते. चिकटपट्टीचा तुकडा, त्यावर शिसपेन्सिलीने दोन ओळी: आत काय आहे आणि कधी भरले. पेन्सिल अशासाठी, की ओला हात लागला की शाई पसरते, पेन्सिल पसरत नाही. प्रयोगशाळेत तर शाई विरघळवणारी द्रावणे पदोपदी असतात, म्हणून तिथेही पेन्सिलच. आणि चिठ्ठी नेहमी बरणीच्या अंगावर, झाकणावर कधीच नाही. झाकणे एकमेकांशी बदलतात. ही एवढीशी गोष्ट मला पदवी घेतलेल्या मुलांना दर वर्षी नव्याने सांगावी लागे.

टर्पेंटाइनचा प्रसंग मात्र हसण्यासारखा नाही. ब्रश धुऊन उरलेले टर्पेंटाइन आजोबांनी एकदा थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीत भरून ओट्याच्या कडेला ठेवले. दुपारी घरी आलेल्या एका परिचितांनी तहानेच्या भरात ती बाटली उचलून तोंडाला लावली. पहिल्याच घोटाला त्यांनी थुंकून टाकले, तरी थोडे पोटात गेलेच. घाबरून आजी त्यांना ओकारी व्हावी म्हणून मिठाचे पाणी द्यायला निघाली होती. धावत आलेल्या डॉक्टरांनी तिला अडवले. टर्पेंटाइन, घासलेट असले पदार्थ पोटात गेले तर ओकारी काढायची नसते. ओकताना ते फुप्फुसात शिरते आणि पोटातल्यापेक्षा तिथे ते जास्त घातक ठरते. तडक दवाखाना गाठायचा. ते गृहस्थ सुदैवाने बरे झाले. आजोबा त्या दिवशी जेवले नाहीत.

त्यानंतर आमच्या घरात दोन गोष्टी झाल्या. पिण्याच्या कुठल्याही वस्तूची बाटली न पिण्याच्या कुठल्याही वस्तूसाठी वापरणे कायमचे बंद झाले. आणि जे काही विषारी असेल त्या बाटलीच्या गळ्याला आजोबा तारेचे तीन वेढे देऊ लागले, का, तर अंधारात हाताला कळावे म्हणून. कितीतरी वर्षांनी मी वाचले, की एकोणिसाव्या शतकात युरोप-अमेरिकेत विषाच्या बाटल्या मुद्दाम गडद निळ्या काचेच्या, षट्कोनी आणि अंगावर उभ्या कंगोऱ्यांच्या करत. मेणबत्तीच्या उजेडात औषध समजून भलतीच बाटली उचलली, तर हातानेच ओळख पटावी म्हणून. आजोबांना हे ठाऊक असण्याची शक्यता शून्य. त्यांना त्यांच्या चुकीने शिकवले होते. आपल्या पुरवणीतल्या लेखात या विषयावर एक ओळसुद्धा नव्हती, आणि रंगाच्या रिकाम्या डब्यात ‘स्वयंपाकघरातील वस्तू ठेवता येतील’ असे मात्र छापले होते. संपादक महोदय, नाही ठेवता येत.

काचेविषयीही थोडे सांगते, कारण एक बरणी मी स्वतः फोडली आहे. आत सरस वाळून दगड झाला होता. तो सुटावा म्हणून मी थंडगार बरणीत उकळते पाणी ओतले. टक् असा आवाज झाला आणि कुणी कर्कटकाने आखून कापावा तसा बरणीचा तळ गोल निघून खाली पडला. आतली काच तापून पसरली, बाहेरची थंड काच पसरायला तयार नव्हती, आणि तळाच्या कडेला, जिथे काच जाड असते, तिथे ती तुटली. बाजारातल्या बरण्यांची काच साधी, सोडा-चुन्याची असते. प्रयोगशाळेतल्या चंचुपात्रांची बोरोसिलिकेट काच तापल्यावर तिच्या साधारण एक-तृतीयांशच पसरते, म्हणून ती ज्योतीवर ठेवता येते. दोन्ही काचा दिसायला सारख्या, आणि गोची होते ती तिथेच. बरणीत गरम काही भरायचेच असेल तर आधी कोमट पाण्याने तिला हळूहळू ऊब द्यावी. आजी हेच करायची आणि मी ते पाहूनही विसरले होते.

पत्र्याचे डबे वेगळ्या कारणाने रुसतात. डब्याचा पत्रा पोलादाचा, त्यावर कथिलाचा पातळ थर. जस्ताचा मुलामा ओरखडला तरी जस्त स्वतः झिजून लोखंडाला सांभाळते. कथिलाचे उलटे आहे. थर फाटला की उघडे पडलेले लोखंड आधी गंजते, आणि ओलाव्यात तर मुलामा नसता तर गंजले असते त्याहून लवकर. म्हणून असा डबा खरखरीत घासणीने घासणे म्हणजे त्याचे आयुष्य घासणे. मऊ फडके, लगेच पुसणे आणि त्यात फक्त कोरड्या वस्तू. खारट-आंबट-ओले काही नाही.

प्लॅस्टिकच्या बाबतीत आजीचा मला उपयोग नाही. तिने त्यावर कधी विश्वास टाकलाच नाही. तिथे मात्र लोकांची एक गोड गैरसमजूत आहे. डब्याच्या तळाशी त्रिकोणात आकडा असतो. आमच्या शेजारच्या वहिनी पाण्याची बाटली उलटी करून मला अभिमानाने म्हणाल्या, “बघा, एक नंबर प्लॅस्टिक आहे!” हे आकडे १९८८ मध्ये अमेरिकेतल्या प्लॅस्टिक उद्योगाने ठरवले, आणि ते प्रत सांगत नाहीत, जात सांगतात. एक म्हणजे पेट. हलके, पारदर्शक, पण साधारण ७० ते ८० अंश सेल्सिअसला मऊ पडू लागणारे. त्यात उकळते पाणी ओतले की बाटली म्हातारीसारखी वाकते. पाच म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. ते १६० अंशांच्या आसपास वितळते, म्हणून गरम पदार्थांचे डबे बहुधा त्याचे. तेव्हा ‘एक नंबर’ पाहून हुरळून जाऊ नये.

आता माझ्या मूळ तक्रारीकडे येते. ती आपल्यापेक्षा जास्त, बरण्या-बाटल्यांतून माल विकणाऱ्यांविषयी आहे.

पूर्वी कागदी वेष्टन खळीने डकवलेले असे. पाण्यात तासभर ठेवले की ते अख्खे सुटून वर तरंगे. आजोबा ते वाळवून त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूला हिशेब लिहीत. आज वेष्टन प्लॅस्टिकचे, आणि त्याखालचा गोंद पाण्याला दाद देत नाही. तो तेलाला वश होतो. खाण्याचे कुठलेही तेल चोळून अर्धा तास ठेवावे, मग खाण्याचा सोडा आणि तेल कालवून बोटाने फिरवावे, शेवटी साबण. निघतो. पण एका बरणीमागे पाऊण तास जातो, आणि पाऊण तास कुणाला आहे? मला आहे, मी निवृत्त आहे. माझ्या सुनेला नाही, आणि तिने ती बरणी केराच्या डब्यात टाकली तर मी तिला दोष देणार नाही. परत घेऊन पुन्हा भरायच्या बाटल्यांना उद्योग अजूनही असा गोंद लावतो, की जो धुलाईच्या गरम कॉस्टिक सोड्यात सुटून येतो. म्हणजे सुटणारा गोंद त्यांना बनवता येतो. बाटली परत येणार नसेल, तर तो वापरायचे त्यांना कारण उरत नाही, इतकेच.

आणि झाकणे! १८१० मध्ये निकोला आपेर नावाच्या फ्रेंच हलवायाने काचेच्या बाटल्यांत अन्न बंद करून उकळून टिकवण्याची रीत प्रसिद्ध केली, त्याबद्दल सरकारकडून त्याला १२,००० फ्रँक मिळाले. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये पीटर ड्युरँडने पत्र्याच्या डब्याचे पेटंट घेतले. ते डबे फोडायला छिन्नी-हातोडा लागे. डबा उघडायच्या हत्याराचे अमेरिकेतले पेटंट १८५८ चे, म्हणजे मधे ४८ वर्षे गेली. उघडायचे कसे याचा विचार असा मागाहून झाला. परत बंद कसे करायचे, याचा विचार त्याच १८५८ मध्ये जॉन मेसन याने केला आणि आट्यांच्या तोंडाच्या बरणीचे पेटंट घेतले. त्या घराण्यातल्या बरण्यांची आज प्रामुख्याने दोनच तोंडे आहेत, ७० आणि ८६ मिलिमीटर. बरणी कुणीही बनवलेली असो, झाकण बसते. झाकण गंजले तर नवे आणावे, बरणी नातवंडांपर्यंत चालते. जर्मनीत १९६९ पासून खनिज पाणी विकणाऱ्या अनेक कंपन्या एकाच आकाराची काचेची बाटली वापरतात. कुणाची कुठेही परत आली तरी धुऊन कुणीही भरावी, आणि अशी एक बाटली ५० वेळांपर्यंत भरली जाते. थंड पेयांच्या बाटल्यांचेच पाहा ना. एकमेकींचे तोंड न पाहणाऱ्या कंपन्यांच्या बाटल्यांचे तोंड मात्र बरीच वर्षे २८ मिलिमीटरच होते. टोप्या आपसात खुशाल बदला. तेव्हा हे जमत नाही असे कुणी म्हणू नये.

जे जमत नाही ते घरात राहणाऱ्या बरण्यांच्या बाबतीत. गेल्या महिन्यात मी माझ्याकडच्या नऊ रिकाम्या बरण्या ओळीने मांडल्या. त्यांची तोंडे मोजली तर सहा प्रकारची निघाली. त्यातही काहींना आटे पूर्ण, काहींना नुसत्या चार अडणी, पाव फेरा दिला की झाकण बसते. पाव फेऱ्याचे झाकण कारखान्यात झटपट लागते, उघडायलाही सोपे. पण त्याची चकती एकदा दबली की दुसऱ्यांदा तितकी घट्ट बसत नाही. झाकण गेले की बरणी गेली. मग तिला लेसच लावावी लागते, हे मला मान्य आहे.

आजीला मी देवपण देत नाही. ती गेल्यावर माळा आवरला तेव्हा डब्यात डबा, त्यात डबा असे सात निघाले आणि सर्वांत आतल्या डब्यात होत्या झाकणांच्या रबरी चकत्या, एकमेकींना चिकटून चिक्कीसारख्या झालेल्या. शिवाय एक पिशवी भरून झाकणे, ज्यांची एकही बरणी घरात नव्हती. ‘लागेल कधीतरी’ या दोन शब्दांवर तिचा जेवढा विश्वास होता तेवढा माझा नाही. सहा महिन्यांत भरली गेली नाही ती बरणी मी काचेच्या भंगारात देते; ती वितळून पुन्हा काच होते, यात काही कमीपणा नाही. जपणे आणि साठवणे यांत फरक असतो. आजीला तो अर्धाच ठाऊक होता.

आजोबांनी मात्र एक काम असे केले, की ते पाहायला त्यांच्या हयातीत लोक येत. भिंतीवरच्या फळीच्या खालच्या अंगाला त्यांनी ११ झाकणे उपडी बसवली, प्रत्येकाला दोन-दोन स्क्रू मारून. दोन का, तर एकच मारला असता तर बरणी फिरवताना झाकणही तिच्याबरोबर गरगरले असते. मग खालून बरणी लावायची आणि फिरवून घट्ट करायची. ११ बरण्या फळीखाली लोंबत. कशात चुका, कशात वॉशर, कशात स्क्रू, हे बाहेरून दिसे, शोधाशोध नाही, टेबल मोकळे. बरण्या सगळ्या एकाच कॉफीच्या होत्या. ती कॉफी आजोबांना आवडत नसे. बरण्यांसाठी पीत.

ती फळी आता माझ्या घरी आहे. एका बरणीचा तळ मी पाडला, ते वर आलेच आहे. एक घर बदलताना फुटली, एक माझ्या नातवाच्या चेंडूने. नातू आता अकरा वर्षांचा आहे. त्याने स्वतःहून फळीचे काम हाती घेतले, दोन रविवार बरण्यांचे गोंद सोडवले (तेल-सोड्याची रीत मीच शिकवली) आणि एकेक बरणी त्या तीन झाकणांना लावून पाहिली. नऊपैकी एकही बसली नाही. तो म्हणाला, “आजी, मग झाकणंच नवीन लावू.” स्क्रू काढू लागला तेव्हा मी त्याला थांबवले. का थांबवले, ते मला नीट सांगता येणार नाही. जुने स्क्रू गंजून बसले आहेत, लाकूड फाटेल, असे त्याला सांगितले. तेही खरेच आहे.

तेव्हा आपल्याला दोन विनंत्या. पुढच्या वेळी असा लेख छापाल तेव्हा लेसच्या शेजारी निदान चार ओळी या गोष्टींना द्याव्यात: गोंद कसा काढावा, तळाचा आकडा काय सांगतो, कशात काय ठेवू नये. आणि बरण्या बनवणाऱ्या-भरणाऱ्यांपैकी कुणी आपले वाचक असतील, तर दोन-तीन ठरावीक मापांची, पूर्ण आट्यांची तोंडे आणि पाण्यात सुटणारा गोंद, एवढ्यावर त्यांनी आपसात बोलावे.

तोवर आणखी एक. ६३ मिलिमीटर तोंडाच्या, पूर्ण आट्यांच्या तीन काचेच्या बरण्या कुणा वाचकाकडे पडून असतील तर आपल्या कार्यालयात द्याव्यात, मी येऊन घेऊन जाईन. झाकणे नसली तरी चालेल. ती आहेत.

आपली,
एक निवृत्त प्रयोगशाळा साहाय्यक